राघोत्तमरावांनी वाचलेली पाटी

माझे सासरे वसंतराव मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले आणि त्यांना राज्यांचं खूळ लागलं. कुठल्याही राज्यात शिरायचं ते रस्त्यानं, सरहद्दीवरच्या स्वागताच्या पाटीखालून. तिथून कुठेही न रेंगाळता थेट राजधानीत जायचं आणि सचिवालयापुढे उभं राहून ते डोळे भरून बघायचं. "पाहुण्यानं आधी घराचं दार बघावं, मग देवघर," असं ते म्हणत. त्यांच्या लेखी देवघर म्हणजे सचिवालय. गोवा, कर्नाटक, गुजरात अशी राज्यं त्यांनी याच पद्धतीनं उरकली होती. देवळं आणि समुद्रकिनारे त्यांच्या यादीत बसत नसत.

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत ते आमच्याकडे चेन्नईला आले ते मात्र रेल्वेनं, आणि ते त्यांना फार लागलं. रेल्वेनं येणं म्हणजे मागच्या दारानं येणं. आल्या दिवसापासून त्यांचा एकच धोशा, मला आंध्राच्या हद्दीत नेऊन सोडा आणि तिथून रीतसर आत आणा. चेन्नईत बसलेल्या माणसानं चेन्नईत येण्यासाठी चेन्नईबाहेर जायचं, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. पण माझा नवरा अनिकेत बापापुढे कधी 'नाही' म्हणाला नाही. त्यानं रजा टाकली आणि गाडी सांगितली. गाडीबरोबर अर्थातच राघोत्तमराव आले.

राघोत्तमराव आमच्याकडे नवे नव्हते. अनिकेतचा कारखाना गुम्मिडिपूंडीला, शहरापासून चांगला लांब. कारखान्यानं भाड्यानं लावलेल्या अँबेसडरमधून तेच त्याला रोज न्यायचे आणि आणायचे. साठीच्या आतबाहेरचे, काटकुळे, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, कपाळावर गोपीचंदनाची उभी रेघ. पहिल्या दिवशी मी गॅलरीतून अनिकेतला "डबा विसरलास!" म्हणून ओरडले, तर खालून हे गृहस्थ म्हणाले, "मीच येऊन घेतों, अम्मा." मी चाटच पडले. त्यांचे पूर्वज तंजावरला केव्हा गेले हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते स्वतः चेन्नईतल्याच तिरुवल्लिकेणीच्या एका बोळात जन्मले, तिथेच वाढले. घरात मराठी, बाहेर तमिळ, लिहिणं-वाचणंही तमिळच. त्यांचं मराठी पोथीतून उठून आल्यासारखं होतं आणि मध्येच 'बरं' ऐवजी 'सेरि' आणि 'अय्यो' डोकावायचे. माझ्या मराठीत चुका काढायला मात्र ते कमी करत नसत. "तुमचें मराठी नवें, अम्मा. अजून मुरायचें आहे," असं सरळ तोंडावर सांगायचे.

मिसरूड फुटायच्या आधीपासून ते चाक धरत होते. शेटजींच्या गाड्या झाल्या, लग्नाच्या झाल्या, सिनेमावाल्यांच्या झाल्या. कुणाला कधी ओरखडा नाही, याचा त्यांना अभिमान होता. बायको विजयालक्ष्मी, मुलगी लग्न होऊन सेलमला. घर त्यांच्याच कमाईवर चालायचं. आणि त्यांची एक रीत होती. परगावाहून परतताना तमिळनाडूची हद्द लागली की तिथली पाटी ते मोठ्यानं वाचायचे, आणि गाडीतल्या माणसांना त्यांच्या भाषेत तिचा अर्थ सांगायचे. आलेल्या माणसाचं स्वागत नुसत्या खांबानं करून भागत नाही, ते माणसानं बोलून दाखवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. हे ऐकून आमचे सासरे इतके खूश झाले की त्या दिवशी ते गाडीत बसले ते जवळजवळ नवरदेवासारखे.

सकाळी आम्ही हद्दीपलीकडे, आंध्रातल्या सुळ्ळूरपेट्टैला गेलो, हमरस्त्यावरच्या चेंगाळम्मा देवीचं दर्शन घेतलं आणि तोंड फिरवलं. पुढे राघोत्तमरावांशेजारी अनिकेत, मागे मी, मांडीवर आमची दोन वर्षांची निधी, आणि खिडकीशी मान बाहेर काढून बसलेले सासरे, आमचे बाबा. रस्ता चौपदरी करायचं काम चाललं होतं. एका बाजूला खणलेलं, दुसऱ्या बाजूला खडीचे ढीग, मधूनच पिंपं ठेवून वळवलेली वाट. ह्या सगळ्यातून लॉऱ्या अशा सुटलेल्या की जणू त्यांच्या मागे कुणी लागलंय.

"आली, आली," राघोत्तमराव म्हणाले. त्यांनी गाडी जरा हळू केली, घसा खाकरला आणि डाव्या बाजूला मान वळवून खणखणीत आवाजात वाचलं, "तमिळनाडु उंगळै अन्बुडन् वरवेर्किरदु! म्हणजे, मोठे सार, तमिळनाडू तुमचें प्रेमानें स्वागत करितें आहे."

मी डावीकडे पाहिलं. तिथे पाटी नव्हती.

दोन लोखंडी खांब होते, तेही वाकडे. वरची पाटी रस्तेवाल्यांनी केव्हाच उतरवून नेली असावी. खांबांच्या मधून मागचं शेत दिसत होतं आणि शेतात एक म्हैस. मला आधी वाटलं, आपलीच चूक, पाटी मागे गेली असेल. मी वळून मागच्या काचेतून पाहिलं. मागे काही नव्हतं आणि पुढेही काही नव्हतं.

"कुठे? कुठे?" बाबा उजवीकडच्या खिडकीतून विचारत होते. "अरे, मी नेमका भलत्या बाजूला!"

"गेली, मोठे सार," राघोत्तमराव समाधानानं म्हणाले. "मोठी पाटी आहे. वर गोपुराचें चित्र आहे."

 ते थट्टा करत नव्हते. नसलेल्या पाटीवरचं चित्रसुद्धा त्यांना दिसत होतं, याचा अर्थ त्यांना काहीच दिसत नव्हतं. रोजच्या वाटेवर ते गुम्मिडिपूंडीपर्यंतच यायचे, हद्द त्याच्या कितीतरी पुढे. पाटी गेल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि आज दोन हातांवरून जाताना त्यांच्या डोळ्यांनीही सांगितलं नाही. आणि ह्या माणसाच्या हातात आम्ही चौघं होतो, समोरून लॉऱ्या येत होत्या.

मी निधीला इतकी घट्ट धरली की ती कुरकुरायला लागली. ओरडावं तर ते दचकतील आणि चाक कुठे वळेल ह्याचा नेम नाही. गप्प बसावं तर जीव गळ्याशी. मग सकाळपासूनच्या बारीकसारीक गोष्टी एकेक करून माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. जाताना सगळी वाट त्यांनी एका बसची पाठ सोडली नव्हती. बस थांबली की हे थांबायचे, बस निघाली की हे निघायचे. मला वाटलं होतं, काय सावध माणूस आहे!

मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "राव, त्या पुढच्या बोर्डावर गुम्मिडिपूंडी किती किलोमीटर लिहिलंय हो?"

त्यांनी लगेच आकडा सांगितला. तो बरोबर असेलही. पण ज्याला मी बोर्ड म्हटलं ती टपरीवरची थंड पेयाची जाहिरात होती.

"गाडी थांबवा," मी म्हणाले. "निधीला शू करायचीय."

चहाच्या टपरीशी गाडी थांबली. मी अनिकेतला दंडाला धरून टपरीमागे नेलं आणि एका दमात सगळं सांगितलं. तो हसला. मला त्या क्षणी त्याला चहाच्या किटलीनं बडवावंसं वाटलं.

"अगं कल्पना, रोज येतो मी त्याच्याबरोबर."

"रोज झोपतोस तू त्याच्याबरोबर! गाडीत बसल्यापासून कारखाना येईपर्यंत तुझं घोरणं चालू असतं."

"सवयीनं वाचलं असेल गं. आणि आता काय करायचं म्हणतेस? भर रस्त्यात दुसरा ड्रायव्हर कुठून आणू? मला हे धूड चालवता येत नाही."

तेवढ्यात बाबांनी घड्याळ दाखवत हाक मारली. कचेऱ्या सुटायच्या आत पोचायचं होतं, बंद सचिवालय बघण्यात काय अर्थ? मी एकटी, समोर दोन पुरुष, एकाला पटत नाही आणि दुसऱ्याला घाई. शेवटी मी एवढंच म्हणाले की मला मागे मळमळतंय, मी पुढे बसते. निधीला अनिकेतच्या मांडीवर दिलं आणि राघोत्तमरावांच्या शेजारी जाऊन बसले.

गाडी निघाली. थोड्या वेळानं पुढे एक ट्रॅक्टर रस्ता अडवून उभा दिसला. हे तसेच निघालेले.

"राव, ट्रॅक्टर. उभा आहे," मी हळूच म्हणाले.

त्यांचा पाय ब्रेकवर गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. 'मला दिसतोय की' म्हणाले नाहीत, की रागावलेही नाहीत. फक्त म्हणाले, "सेरि, अम्मा."

त्या दोन शब्दांत त्यांनी सगळं कबूल केलं होतं, आणि मला त्या आधी वाटली त्याहून मोठी भीती वाटली. तोवर कुठेतरी आशा होती, आपलंच चुकत असेल. आता ती गेली. मी सांगत राहिले. सायकलवाला, डाव्या हाताला. लॉरी थांबतेय. खड्डा. बाई रस्ता ओलांडतेय, हातात हंडा आहे. एळावूरच्या तपासणी नाक्यावर लॉऱ्यांची रांग होती, तिच्या कडेनं मी त्यांना वीत वीत करून काढलं. ते प्रत्येक वेळी 'सेरि' म्हणायचे आणि मी म्हणेन तसं करायचे. त्यांच्या कानशिलावरून घाम वाहत होता, कपाळावरचं गोपीचंदन ओघळलं होतं. माझा घसा सुकला होता, पण पाणी प्यायला मान मागे टाकायची माझी छाती होईना.

मागे बापलेकांना मजा वाटत होती.

"सूनबाईंना आता लायसन काढून द्या," बाबा म्हणाले.

"काढू. आधी तिला गप्प बसायचं औषध देऊ," अनिकेत म्हणाला, आणि दोघं हसले. निधीही हसली, तिला काय कळतंय!

गुम्मिडिपूंडी गेलं, पुळल गेलं, शहर लागलं. शहरात भीती वाढली. हमरस्त्यावर एकेक करून येणारं इथे सगळं एकदम अंगावर यायला लागलं. ऑटो, स्कूटर, बस, माणसं, गाई. माझी जीभ पुरेना. मी नावं सोडली आणि नुसतं 'थांबा', 'चला', 'उजवीकडे' इतकंच बोलायला लागले. एका सिग्नलला मी 'लाल' म्हणायच्या आतच ते थांबले, आणि मला वाटलं, दिसलं की काय! मग लक्षात आलं, पुढची बस थांबली होती.

बंदराकडून राजाजी सालैच्या हमरस्त्यावर आलो. एका बाजूला समुद्राचा वारा, दुसऱ्या बाजूला किल्ल्याची भिंत. इथल्या राज्याचा कारभार इंग्रजांच्या जुन्या किल्ल्यात चालतो हे बाबांना वाचून माहीत होतं, पण पाहून ते वेडेच झाले.

"किल्ल्यात! अरे, खंदकसुद्धा आहे! आमच्या मंत्रालयाला साधं कुंपण धड नाही. आणि तो बघा, तो बघा ध्वजस्तंभ! केवढा उंच! कल्पना, वर बघ!"

मी वर बघितलं. सगळी वाट मी रस्त्यावरून नजर काढली नव्हती, आणि तिथे नेमकी काढली. पांढऱ्या इमारतींच्या वर एक काठी सरळ आभाळात गेलेली होती आणि टोकाला झेंडा फडफडत होता. राघोत्तमराव फाटकाकडे उजवीकडे वळत होते. मी काही बोलत नव्हते, म्हणजे वाट मोकळी आहे असं त्यांनी धरलं.

"निप्पाट्टु! निप्पाट्टु!"

'थांबव, थांबव' म्हणून ओरडणाऱ्या एका पोलिसाचा पसरलेला हात आणि उघडं तोंड मला काचेपलीकडे दिसलं. मी किंचाळले. लोखंडी अडथळा बॉनेटवर आपटून मोठ्यानं कोसळला, पोलीस बाजूला उडी मारून पडला, निधी टाहो फोडून रडायला लागली. गाडी थांबली.

 मग चारी बाजूंनी पोलीस धावत आले. ते दिवसच असे होते की सरकारी दारावर गाडी आदळली तर आधी बंदूक रोखली जायची आणि मग चौकशी व्हायची. आम्हाला सगळ्यांना हात वर करून उतरवलं. बाबा, ज्यांनी आयुष्यभर सरकारी फाटकातून सलाम घेत प्रवेश केला, ते हात वर करून उभे होते आणि "रिटायर्ड, रिटायर्ड" एवढंच म्हणत होते. पडलेला पोलीस उठला. त्याचं कोपर खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. मी देवाचे आभार मानले, सकाळच्या चेंगाळम्मेचेसुद्धा.

पोलिसांच्या साहेबानं राघोत्तमरावांना बाजूला घेतलं. दारू नाही हे त्याला जवळ येताच कळलं. मग त्यानं समोर उभ्या जीपकडे बोट केलं आणि तमिळमध्ये म्हणाला, तिचा नंबर वाच.

राघोत्तमराव जीपकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले. "टी एन..." एवढं ते म्हणाले. तेवढं तर तिथल्या कुठल्याही गाडीबद्दल आंधळ्यालाही सांगता आलं असतं. पुढे काही नाही. इस्त्रीच्या शर्टातला तो ताठ माणूस आमच्या सगळ्यांच्या देखत उभ्या उभ्या लहान होत गेला. अनिकेत माझ्याकडे बघत होता. तो आता हसत नव्हता.

साहेबानं गाडीची किल्ली अनिकेतच्या हातात ठेवली, लायसन स्वतःच्या खिशात घातलं. राघोत्तमरावांवर तो ओरडलासुद्धा नाही. घरी जा, एवढंच म्हणाला, तेही बरंच हळू. अनिकेतनं गाडीच्या मालकाला फोन केला, दुसरा ड्रायव्हर निघाला. बाबा कट्ट्यावर बसून पाणी पीत होते. ज्या देवघरासाठी हा सगळा खटाटोप केला त्याच्याकडे त्यांनी पाठ केली होती.

मी राघोत्तमरावांकडे गेले. मला भांडायचं होतं. माझी पोर होती त्या गाडीत! तोंडावर आलेले शब्द मी अडवले नाहीत. "तुम्हाला दिसत नाही हे ठाऊक असून तुम्ही चाक धरलंत? काही वाटलं नाही?"

"वाटलें, अम्मा," ते म्हणाले. "रोज वाटतें. सकाळीं उठल्यापासून भय वाटतें. काचबिंदू म्हणाले डॉक्टर. गेलें तें परत येणार नाहीं, उरलेंही जाईल म्हणाले. घरीं तिला सांगितलें नाहीं. मालकाला कसें सांगूं? मला दुसरें कांहीं येत नाहीं." मग म्हणाले, "आज तुमी बोलत होतां तेव्हां वर्षभरांत पहिल्यांदा जरा कमी भय वाटलें."

 माझा राग कुठे गेला नव्हता, पण तो ठेवायला जागा राहिली नाही.

"येतों मी," ते म्हणाले. तिरुवल्लिकेणीची बस रस्त्यापलीकडे, समुद्राच्या बाजूला मिळायची. ते पदपथाच्या कडेला गेले आणि उभे राहिले. गाड्या जात होत्या. मध्ये चांगली फट पडली, ते हलले नाहीत. पुन्हा फट पडली, पुन्हा नाही. एक पाऊल खाली टाकलं, हॉर्न ऐकून वर घेतलं. आंध्राच्या हद्दीपासून इथवर लॉऱ्यांमधून गाडी आणणारा माणूस रस्ता ओलांडू शकत नव्हता. गाडीत असताना निदान पुढे कुणाची तरी पाठ असायची, पायी चालताना पुढे कुणीच नव्हतं.

मी जाऊन त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, उलट माझी बोटं दुखतील इतका आवळला. आम्ही ओलांडलं. 

थांब्यावर त्यांनी मला बसचा आकडा सांगितला. मी येणाऱ्या प्रत्येक बसचा आकडा वाचून दाखवत राहिले. ही नाही, ही पण नाही. उद्यापासून हे कोण करणार, असं सारखं मनात येत होतं. ह्या माणसाला बोळातल्या घरी पोचल्यावर दारातच बायकोला सगळं सांगावं लागणार होतं.

"आली, राव."

मी त्यांचा हात दांड्याला लावून दिला, ते चढले. कंडक्टरला मी तिरुवल्लिकेणी सांगितलं. खिडकीशी जागा मिळाली. बस हलली तसे ते माझा निरोप घ्यायला वळले आणि हसून हात हलवला. पण मी थांब्याच्या अलीकडे होते. पलीकडे, खांबाशी, माझ्यासारख्याच निळ्या साडीतली एक मासळीवाली डोक्यावर पाटी घेऊन उभी होती, आणि ते तिच्याकडे बघून हात हलवत होते, बस दिसेनाशी होईपर्यंत.

ती जरा गोंधळली. मग बिचारीनं, कोण कुणास ठाऊक, तिनंही हात वर केला.